हेड बोल्ट: कोणता घ्यायचा, किती आवळायचा

घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला कंटेनरच्या रांगेमागे गाडी पहिल्या गिअरवर रखडते, तापते, हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, खालचा सिलिंडरांचा ठोकळा म्हणजे ब्लॉक, आणि त्यांच्यामधला हा सील) जातं आणि इंजिन उघडावं लागतं. हेड फेसिंगला (तळ सपाट करून घ्यायला) जातं, नवं गॅस्केट येतं, रिंगा-बेअरिंगं बदलतात, आणि महिन्याभरात कूलंट पुन्हा कमी व्हायला लागतं. मग बोल लागतो गॅस्केटच्या कंपनीला. पण गॅस्केट स्वतःहून काहीच धरून ठेवत नाही. हेड आणि ब्लॉक यांच्यात ते पुरेसं दाबलं गेलं तरच सील होतं, आणि तो दाब द्यायचं काम हेड बोल्टचं. चार सिलिंडरच्या छोट्या इंजिनात असे बोल्ट बहुधा दहा असतात. रिबिल्डच्या बिलात त्यांचा आकडा शेवटच्या दोन-तीन ओळींत येतो, म्हणून काटकसरही तिथेच केली जाते. ती महाग पडते.

बोल्ट नेमकं काय करतो

बोल्ट आवळताना आपण त्याला फिरवतो, पण हवं असतं ते त्याचं ताणलं जाणं. डोकं हेडवर टेकलं, आटे ब्लॉकमध्ये धरले गेले, त्यापुढे फिरवला की मधला दांडा लांब होतो. तो मूळ लांबीला परत यायला बघतो आणि त्या ओढीनेच हेड ब्लॉकवर दाबलं जातं. बोल्ट म्हणजे एक अतिशय ताठ स्प्रिंग, असं धरून चाललं तर पुढचं सगळं समजतं.

आकड्यांत पाहू. एम १० आकाराचा, म्हणजे १० मिलिमीटर जाडीचा, १.५ मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) बोल्ट घ्या. डोक्यापासून ब्लॉकमधल्या आट्यांपर्यंतची लांबी १०० मिलिमीटर. त्यात ४० किलोन्यूटन, म्हणजे साधारण चार टनांची ओढ आणायची, तर तो जेमतेम ०.३४ मिलिमीटर लांबतो. सगळा खेळ या एक तृतीयांश मिलिमीटरचा आहे. नवं गॅस्केट पहिल्या काही दिवसांत ०.०३ मिलिमीटर बसलं, तर या बोल्टची साधारण नऊ टक्के ओढ जाते. हाच बोल्ट ३० मिलिमीटर लांबीचा असता तर तेवढ्याच ओढीला तो फक्त ०.१ मिलिमीटर लांबला असता, आणि तेवढ्याच बसण्याने त्याची ३० टक्के ओढ गेली असती. हेड बोल्ट लांब आणि काही इंजिनांत मध्ये मुद्दाम बारीक केलेले असतात ते याचसाठी. त्या बारीक कमरेमुळे बोल्ट कमकुवत झाला असं समजून त्याजागी जाड दांड्याचा ‘मजबूत’ बोल्ट घालणं म्हणजे स्प्रिंग काढून पहार बसवणं.

आता समोरची ताकद किती ते बघा. ८० मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरचं क्षेत्रफळ साधारण ५,०२७ चौरस मिलिमीटर होतं. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात स्फोटाचा दाब ७० बारपर्यंत गेला तर हेडला वर ढकलणारा जोर होतो साडेतीन टन. टर्बो डिझेलमध्ये दाब १६० बारला पोचला तर तोच जोर आठ टनांवर जातो. ३,००० आरपीएमवर चार-स्ट्रोक इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हा धक्का सेकंदाला २५ वेळा बसतो. बोल्टची ओढ या धक्क्याहून बऱ्यापैकी जास्त असेल तर हेड जागचं हलत नाही. कमी असेल तर प्रत्येक धक्क्याला ते काही मायक्रॉन उचललं जातं, गॅस्केटची फायर रिंग (सिलिंडरभोवतीची कड) ठेचली जाते आणि गॅस कूलंटमध्ये शिरायला लागतो.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. पुरेसा ताणलेला बोल्ट धक्क्याचा फार थोडा भाग स्वतःवर घेतो, कारण धक्का आला की आधी हेड आणि गॅस्केटवरचा दाब थोडा उतरतो, बोल्टचा ताण जवळपास तेवढाच राहतो. सैल बोल्टवर मात्र दर धक्क्याला ताण चढतो आणि उतरतो. असा चढ-उतार लाखो वेळा झाला की बोल्ट आट्यांच्या पहिल्या वेढ्यापाशी किंवा डोक्याखाली तडकतो. म्हणून इंजिन चालताना तुटलेला हेड बोल्ट दिसला की ‘जास्त आवळला होता’ हा निष्कर्ष लगेच काढू नका. कमी आवळलेला असण्याची शक्यताही तेवढीच तपासा.

उष्णतेचा भाग वेगळा. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. १०० मिलिमीटर उंचीचं हेड ८० अंशांनी तापलं तर ते ०.१८ मिलिमीटर वाढतं आणि तेवढाच तापलेला बोल्ट ०.१० मिलिमीटर. मधला ०.०८ मिलिमीटरचा फरक बोल्ट आणि गॅस्केट मिळून सोसतात, म्हणजे गरम इंजिनात ओढ वाढते आणि थंड झाल्यावर पुन्हा उतरते. इंजिन जास्त तापलं तर ही वाढ इतकी होते की गॅस्केट कायमचं चेपतं, आणि थंड झाल्यावर बोल्ट सैल राहतो. तापलेल्या इंजिनाचं गॅस्केट गरम असताना नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना गळतं, त्यामागे बहुधा हेच असतं.

टॉर्कचा आकडा आणि त्यामागचं घर्षण

टॉर्क पाना बोल्टची ओढ मोजत नाही. तो फक्त फिरवायला किती जोर लागला ते मोजतो. त्या जोरापैकी साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम १० टक्के. घर्षण थोडं जरी बदललं तरी या उरलेल्या हिश्शात मोठा फरक पडतो.

त्याच एम १० बोल्टवर पाना ६० न्यूटन-मीटरला ‘टक्’ वाजला असं समजा. आटे कोरडे असतील तर ओढ येते अंदाजे ३० किलोन्यूटन. इंजिन ऑइल लावलं असेल तर ४०. मॉलिब्डेनमची काळी पेस्ट लावली असेल तर ५० च्या आसपास. आटे गंजलेले, आत कार्बन अडकलेला, तर कदाचित २०. पाना चारही वेळा एकाच आवाजात वाजणार. १०.९ ग्रेडच्या या बोल्टची कायमचं लांबण्याची मर्यादा ५२ किलोन्यूटनच्या जवळ आहे, आणि आवळताना पिळाचाही ताण त्यात मिसळतो. म्हणजे कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा पेस्ट लावून वापरला तर बोल्ट मर्यादेच्या काठावर जातो, आणि तेलासाठी दिलेला आकडा कोरड्या आट्यांवर वापरला तर पाव ओढ कमी पडते.

मॅन्युअलमधल्या टॉर्कच्या आकड्याशेजारी ‘आट्यांना आणि डोक्याखाली ऑइल लावा’ किंवा ‘कोरडे ठेवा’ अशी एक ओळ असते. ती ओळ आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. ‘चांगलं असतं’ म्हणून ग्रीस, पेस्ट किंवा थ्रेड-लॉक (आटे चिकटवणारा द्रव) मनाने लावू नका. पुनर्वापराच्या स्टड-बोल्टच्या किटबरोबर खास पेस्ट आणि वेगळा टॉर्क येतो. ती जोडीनेच वापरायची असते, पेस्ट एकीकडची आणि आकडा दुसरीकडचा असं चालत नाही.

ठाणे-नवी मुंबईत खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यामुळे हा मुद्दा जास्त बोचतो. जुलैत उघडलेल्या इंजिनाचे बोल्ट ट्रेमध्ये आठवडाभर उघडे पडले की आट्यांवर तांबूस पूड दिसायला लागते. बोल्ट काढल्याबरोबर धुऊन, पुसून, तेलाचा पातळ हात फिरवून पिशवीत ठेवा, आणि कोणता बोल्ट कोणत्या भोकातला ते पुठ्ठ्यावर हेडचं चित्र काढून त्यातच खोचून ठेवा. काही इंजिनांत एखाद्या बोल्टची लांबी वेगळी असते. काहींत कॅमकडे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टकडे) जाणारं ऑइल एका बोल्टच्या भोवतीने वर चढतं आणि तो बोल्ट म्हणून बारीक असतो. त्याची अदलाबदल झाली तर वर तेल पोचणार नाही, आणि हे गाडी सुरू झाल्यावर कॅमच्या आवाजाने कळेल.

बोल्ट निवडताना

डोक्यावरचा ग्रेड आधी वाचा. ८.८, १०.९, १२.९ या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे तुटण्याची ताकद, मेगापास्कलमध्ये. दशांशानंतरचा आकडा म्हणजे त्या ताकदीच्या किती हिश्शाला बोल्ट कायमचा लांबायला लागतो. १०.९ म्हणजे १,००० ला तुटतो आणि त्याच्या ०.९ पट, ९०० ला लांबायला लागतो. ८.८ साठी हेच आकडे ८०० आणि ६४०. भारतात हे आयएस १३६७ या मानकात येतं. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ग्रेडबरोबर बनवणाऱ्याची खूणही उठवलेली असते. ग्रेड आहे पण खूण नाही, किंवा दोन्ही नाही, असा बोल्ट हेडसाठी घेऊ नये, कितीही चकचकीत असला तरी.

वागळे इस्टेट, रबाळे, कळंबोली या पट्ट्यात औद्योगिक हार्डवेअरची कमी नाही, आणि एम १० चा १०.९ बोल्ट मागितला तर मिळतोही. तरीही तो हेड बोल्ट नव्हे. हेड बोल्टची दांड्याची जाडी, आट्यांची लांबी, डोक्याखालची गोलाई, फ्लँजचा (डोक्याच्या रुंद कडेचा) व्यास आणि वरचा लेप, हे सगळं त्या इंजिनाच्या टॉर्कच्या आकड्याशी जुळवलेलं असतं. हार्डवेअरचा बोल्ट ताकदीला पुरा पडेल, पण लेप आणि फ्लँज वेगळे म्हणजे घर्षण वेगळं, आणि घर्षण वेगळं म्हणजे मॅन्युअलचा आकडा त्याला लागू नाही. गाडीच्या कंपनीचा किंवा गॅस्केट-सेट बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीचा, त्याच इंजिन नंबरसाठीचा पूर्ण सेट घ्या. दहापैकी चार नवे, सहा जुने असं करू नका. ताठपणा आणि घर्षण वेगवेगळं असेल तर एकाच टॉर्कला प्रत्येकाची ओढ वेगळी येते.

पिचकडे विशेष लक्ष द्या. एम १० मध्ये १.५ आणि १.२५ दोन्ही पिच मिळतात. चुकीचा बोल्ट दोन-तीन वेढे हाताने जातो, मग अडतो, आणि तिथे कुणी रॅचेट लावला की ब्लॉकचे आटे गेले. पिच गेज महाग नसतो.

१०.९ च्या जागी १२.९ घालून ‘अपग्रेड’ करण्याची हौस बरीच दिसते. टॉर्क तोच ठेवला तर ओढही तेवढीच येणार, फायदा शून्य. टॉर्क वाढवला तर जास्तीचा भार ब्लॉकचे आटे आणि अ‍ॅल्युमिनियम हेडवर येतो, आणि त्यांची ताकद वाढलेली नसते. स्टेनलेस बोल्ट तर नकोच. बाजारात सहज मिळणाऱ्या ए२-७० ची ताकद ७०० मेगापास्कल, म्हणजे ८.८ पेक्षाही कमी, आणि स्टेनलेसचे आटे आवळताना एकमेकांत चिकटून बसतात.

आणखी एक चूक आपल्याकडच्या दमट हवेमुळे सुचते. गंज नको म्हणून हेड बोल्ट झिंक प्लेटिंगला दिले जातात. प्लेटिंगच्या आधीच्या अ‍ॅसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो. १२.९ सारख्या कठीण पोलादाला तो ठिसूळ करतो. बोल्ट व्यवस्थित आवळला जातो, रात्रभर तसाच राहतो, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी कुणीही हात न लावता डोकं उडतं. प्लेटिंगनंतर बोल्ट ठरावीक तापमानाला तासन्‌तास भाजून हायड्रोजन काढायची पद्धत आहे, पण जॉबवर्कच्या घमेल्यात दहा बोल्टसाठी ते कोण करणार? मूळ बोल्टवरचा काळा फॉस्फेटचा लेप तसाच राहू द्या.

जुने बोल्ट पुन्हा चालतील का

दोन जाती आहेत. जुन्या धाटणीच्या इंजिनांत बोल्ट मर्यादेच्या आत ताणला जातो, सैल केला की मूळ लांबीवर येतो, आणि तपासून पुन्हा वापरता येतो. अलीकडच्या बहुतेक इंजिनांत मात्र तो मुद्दाम मर्यादेच्या पलीकडे, कायमचा लांबेल इतका ताणतात. मॅन्युअलमध्ये ‘अमुक न्यूटन-मीटर, मग ९० अंश, मग पुन्हा ९० अंश’ असं लिहिलेलं असेल तर बहुधा तुमच्या हातात दुसऱ्या जातीचा बोल्ट आहे. काही कंपन्या त्याला ठरावीक लांबीपर्यंत पुन्हा वापरायची मुभा देतात आणि ती लांबी छापतात. छापलेली नसेल तर नवा सेट घ्या.

असा मुद्दाम ताणण्यात शहाणपण आहे. नुसत्या टॉर्कने आवळलेल्या बोल्टांच्या ओढीत २५ ते ३० टक्क्यांचा वर-खाली फरक सहज पडतो, कारण सगळं घर्षणावर. बोल्ट मर्यादेच्या पलीकडे गेला की तो लांबत राहतो पण ओढ फारशी वाढत नाही. मग ओढ ठरते बोल्टच्या पोलादावर, आणि पोलाद सगळ्या दहा बोल्टांत जवळपास सारखं असतं. फरक १० टक्क्यांच्या आसपास उतरतो. सगळीकडे सारखा दाब, हेड वाकडं होत नाही, बोअर गोल राहतो.

तपासायची पद्धत अशी. बोल्ट स्वच्छ धुवा. व्हर्निअरने आट्यांची बाहेरची जाडी दोन ठिकाणी मोजा, एकदा टोकापाशी आणि एकदा जिथे बोल्ट ब्लॉकमध्ये शिरायला सुरुवात होते त्याच्या जरा वर. वरची जाडी कमी भरली तर बोल्ट तिथे ओढला गेलेला आहे. त्यानंतर नवा बोल्ट घेऊन जुन्याच्या शेजारी आडवा धरा, दोघांचे आटे एकमेकांत बसवा आणि खिडकीच्या उजेडासमोर न्या. चांगल्या बोल्टचे आटे टोकापासून शेवटपर्यंत गच्च बसतात. ताणलेल्याचे सुरुवातीचे सात-आठ वेढे बसतात, मग शिखरं हळूहळू सरकायला लागतात आणि मधून उजेडाची रेघ दिसते. ती रेघ दिसली की तो बोल्ट भंगारात. डोक्याखाली चिरटलेली रिंग, आट्यांवर ओरखडा किंवा गंजाचा खड्डा दिसला तरी तेच.

भोक स्वच्छ नसेल तर

ब्लॉकमधली बोल्टची भोकं दोन प्रकारची. काही तळ असलेली, काही वॉटर जॅकेटमध्ये (सिलिंडरभोवतीच्या कूलंटच्या पोकळीत) उघडणारी.

तळ असलेल्या भोकात कूलंट किंवा तेल साचून राहिलं तर बोल्ट खाली येताना ते दाबलं जातं. द्रव आकसत नाही. दाब इतका वाढतो की बीडाचा ब्लॉकही भोकाच्या बाजूने तडकतो, आणि त्या आधी पाना खोटा टॉर्क दाखवून मोकळा होतो. एकेका भोकात पातळ नळीने हवा मारा, वर कापड धरा, डोळ्यांवर गॉगल हवाच. शेवटी कापूस गुंडाळलेली काडी तळापर्यंत घालून बघा. कोरडी बाहेर आली पाहिजे. आट्यांतला गंज आणि जुनं सीलंट काढायला साधा टॅप वापरू नका, तो धातू कापतो आणि आटे सैल करतो. थ्रेड चेसर (धातू न कापता आटे साफ करणारं हत्यार) मिळाला तर उत्तम. नाहीतर जुन्या हेड बोल्टच्या आट्यांवर लांबीच्या दिशेने दोन-तीन खाचा पाडा आणि तो तेल लावून हाताने आत-बाहेर करा. घाण खाचांत येते.

वॉटर जॅकेटमध्ये उघडणाऱ्या भोकांना मॅन्युअल सांगेल ते सीलंट आट्यांना लावायचं. नाही लावलं तर कूलंट आट्यांमधून वर चढतं आणि बोल्टच्या डोक्यापाशी पांढरट खार जमतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं गॅस्केट गेलं.

खोली मोजण्याची एक चाचणी हेड फेसिंग झालेल्या प्रत्येक इंजिनात करावी. मोकळ्या ब्लॉकच्या भोकात बोल्ट हाताने तळाला टेकेपर्यंत फिरवा आणि डोक्याच्या खालच्या बाजूपासून ब्लॉकच्या पृष्ठापर्यंतचं अंतर मोजा. हेडची जाडी, वॉशर आणि गॅस्केट यांच्या बेरजेपेक्षा ते अंतर दोन-तीन मिलिमीटर तरी कमी हवं. कमी नसेल तर बोल्ट हेडवर दाब द्यायच्या आधीच तळाला टेकेल, पाना टक् म्हणेल आणि हेड तिथे मोकळंच असेल.

अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये आटे बोल्टच्या व्यासाच्या किमान दीड-दोन पट लांबीत धरले गेले पाहिजेत, म्हणजे एम १० ला १५ ते २० मिलिमीटर. आटे निघालेले असतील तर हेलिकॉइल किंवा सॉलिड इन्सर्ट (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी किंवा भरीव बाही) बसवा. ते काम ड्रिल मशीनवर काटकोनात व्हायला हवं, हातात धरलेल्या ड्रिलने नाही.

पृष्ठभागाचंही थोडक्यात. छोट्या अ‍ॅल्युमिनियम हेडला बऱ्याच मॅन्युअलमध्ये वाकाची मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. गॅस्केट पोलादी थरांचं असेल तर फेसिंग गुळगुळीत हवं, ०.८ मायक्रोमीटर किंवा कमी, म्हणजे नखाला रेषा लागू नयेत. जुन्या कंपोझिट (नरम थराच्या) गॅस्केटला थोडा खरखरीतपणा चालतो. फेसिंगवाल्याला कोणतं गॅस्केट आहे ते आधी सांगा. हेड ठेवण्याआधी ब्लॉकमधल्या दोन्ही डॉवेल पिना (हेड आणि गॅस्केट नेमक्या जागी धरणाऱ्या) जागेवर आहेत का ते बघा. त्या धुताना पडतात आणि मग गॅस्केट अर्धा मिलिमीटर सरकून बसतं.

आवळताना

टॉर्क पान्याची रेंज पाहून घ्या. रेंजच्या तळच्या २० टक्क्यांत त्याचं रीडिंग भरवशाचं नसतं. क्लिकच्या पान्यावर काम झालं की तो सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवायचा, त्याच्या खाली नाही. वर्षातून एकदा किंवा ५,००० वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, कॅलिब्रेशन करून घ्यावं. चांगला पाना ४ टक्क्यांच्या आत असतो. एकक दोनदा वाचा. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर, आणि १ फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर. ६० न्यूटन-मीटरच्या जागी चुकून ६० फूट-पाउंड धरलं तर बोल्टवर ८१ न्यूटन-मीटर पडतात.

तेल लावायचं असेल तर बोल्ट तेलात बुडवून मग टांगून निथळू द्या. आट्यांवर आणि डोक्याखाली पातळ थर पुरतो. वेगळा वॉशर असेल तर त्याची चॅम्फर (आतली कड तिरपी कापलेली) असलेली बाजू वर, डोक्याकडे. उलटी ठेवली तर डोक्याखालची गोलाई वॉशरच्या कडेवर चढते.

सगळे बोल्ट आधी हाताने बसवा. हाताने जात नसेल तो बोल्ट काढा आणि कारण शोधा. इम्पॅक्ट गन या कामाच्या जवळपासही नको.

क्रम मॅन्युअलचा. आकृती नसेल तर मधल्या जोडीपासून सुरू करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे जायचं. टोकं आधी आवळली तर मध्ये हेड कमानीसारखं राहतं आणि मधले बोल्ट आपली ओढ ती कमान दाबण्यात खर्च करतात. आवळायचंही टप्प्याने. एका बोल्टची ओढ वाढली की गॅस्केट आणखी चेपतं आणि शेजारच्याची ओढ उतरते. म्हणूनच एका फेरीत पूर्ण टॉर्क देत नाहीत. उदाहरणादाखल, अंतिम टॉर्क ६० असेल तर २०, मग ४०, मग ६०, आणि ६० ची फेरी पुन्हा एकदा. दुसऱ्या फेरीत एखादा बोल्ट थोडा हलतो, ते अपेक्षितच.

पाना एका संथ ओढीत फिरवा. आकड्याच्या जरा आधी थांबलात तर पुन्हा सुरू करताना जास्त जोर लागतो, आणि बोल्ट न हलताच पाना वाजतो. तसं झालं तर पाव वेढा सैल करून पुन्हा एका दमात आणा. सरळ एक्स्टेंशनने टॉर्क बदलत नाही. पण ते लवचीक किंवा वाकडं असेल तर अंदाज बिघडतो.

अंशांच्या टप्प्याला अँगल गेज वापरा. तो नसेल तर सर्व डोक्यांवर एकाच दिशेला पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. ९० अंश म्हणजे ठिपका घड्याळाच्या बारावरून तीनवर. १.५ पिचला ९० अंश म्हणजे बोल्ट ०.३७५ मिलिमीटर खाली जातो. त्यातला काही भाग गॅस्केट आणि हेड चेपण्यात जातो, बाकीचा बोल्ट लांबवण्यात. सगळ्यांचे पहिले ९० झाले की मगच दुसरे ९०. एकाच बोल्टला सलग १८० देऊन पुढे जाऊ नका.

या टप्प्यावर हाताला काय लागतंय त्याकडे लक्ष द्या. शेवटच्या काही अंशांत जोर फारसा वाढत नाही, पाना एकसारख्या जड तालात फिरत राहतो. मर्यादेपलीकडे जाणाऱ्या बोल्टचं हे नेहमीचं वागणं. पण नऊ बोल्टांना सारखाच जोर लागला आणि दहावा लोण्यात फिरल्यासारखा वाटला, तर तिथेच थांबा. आटे सुटत आहेत किंवा बोल्ट सदोष आहे. तसंच पुढे रेटलं तर आटे पूर्ण निघतात आणि हेड पुन्हा खाली उतरवावं लागतं. कोणते झाले आणि कोणते राहिले याचा हिशेब चुकला तर अंदाजाने पुढे जाऊ नका. उलट्या क्रमाने सगळे सैल करा. अंशांची फेरी झालेले बोल्ट वापरलेलेच धरा आणि मॅन्युअलची मुभा नसेल तर नवा सेट आणा.

सुरू केल्यानंतर

कूलंट भरताना साधं नळाचं पाणी नको, हवा पूर्ण काढा, इंजिन नेहमीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग पूर्ण थंड होऊ द्या. पातळी तेव्हा बघा.

जुन्या कंपोझिट गॅस्केटच्या इंजिनात मॅन्युअल पुन्हा आवळायला सांगत असेल, तर ते इंजिन थंड असताना, क्रमाने, एका वेळी एकच बोल्ट पाव वेढा सैल करून परत अंतिम टॉर्कला आणायचा. सैल न करता नुसता पाना लावला तर तो जुन्या घर्षणावरच वाजतो. पोलादी थरांचं गॅस्केट आणि अंशांनी आवळलेले बोल्ट असतील तर पुन्हा हात लावायचा नाही.

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला, किंवा रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबत नाहीत असं दिसलं, तर ज्वलन वायू तपासणारा निळा द्रव रेडिएटरच्या तोंडावर धरून बघा. पेट्रोल इंजिनात गॅस येत असेल तर तो पिवळा होतो. पिवळा झाला तर हेड उघडावंच लागेल, पण उघडताना डायल किंवा डिजिटल टॉर्क पान्याने, उलट्या क्रमाने, प्रत्येक बोल्ट सुटायला किती जोर लागला ते पुठ्ठ्यावरच्या त्याच चित्रात लिहून ठेवा. एकच बोल्ट हलका सुटला तर त्याचं भोक, तळ आणि आटे तपासा. सगळेच हलके सुटले तर पाना, तेल किंवा मॅन्युअलच्या आकड्याचं एकक तपासा. सगळे जड आणि सारखे सुटले, तर बोल्टांचं काम बरोबर होतं. स्ट्रेट एज घ्या आणि हेडच्या पृष्ठभागाकडे वळा.